गाडीच्या टपावरचं भोक

आमच्या गाडीच्या टपावर बरोबर मधोमध एक काळी काडी उभी आहे. उंची दीड फुटाच्या थोडी वर. सिग्नलला शेजारी थांबलेले लोक आधी काडीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मी पोलीस नाही याची खात्री पटली की पुन्हा काडीकडे. यंदा गणेशोत्सवात मंडळाच्या आवारात गाडी लावली तेव्हा तिघांनी विचारलं, "हे काय रे नवीन?" तिसऱ्याला उत्तर देत होतो तेव्हा आपले संपादक मागेच उभे होते. म्हणाले, "सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा लिहूनच दे की." म्हणून हा लेख.

ती काडी म्हणजे अँटिना. तिची केबल टपातून खाली उतरून डॅशबोर्डखालच्या वायरलेस सेटला जोडलेली आहे. मी हॅम आहे, म्हणजे परवाना घेतलेला हौशी रेडिओवाला. हे आधीच सांगतो, कारण ऑनलाइन सेट मागवून गाडीत ठोकायचा, असा हा प्रकार नाही. आपल्या देशात १९३३ च्या कायद्यापासून वायरलेस सेट वापरायलाच नव्हे, नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागत आला आहे. हॅमचा परवाना दिल्लीतली दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा देते. त्यासाठी परीक्षा असते, वय किमान बारा लागतं आणि पास झालं की कॉलसाइन मिळतं. माझं व्हीयू-३ ने सुरू होतं. हा रिस्ट्रिक्टेड वर्गाचा परवाना, त्याला मोर्स यावं लागत नाही. जनरल वर्गाला मोर्स लागतं आणि त्यांची कॉलसाइन्स व्हीयू-२ ने सुरू होतात. हवेत धंद्याचं, राजकारणाचं, धर्माचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत. तुम्ही म्हणाल, मग उरलं काय? पुष्कळ उरतं.

आपलं हैदराबाद तर या छंदाचं एक मोठं केंद्र आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था इथलीच. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा या संस्थेची भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालची तुकडी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होती. गेली होती छंदापायी, आणि फोन बंद पडल्यावर त्याच सेटवरून अंदमानातल्या लोकांचे खुशालीचे निरोप मुख्य भूमीवर येत राहिले. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. पेपरात ते वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. परीक्षा द्यायला मात्र नोकरी लागून, लग्न होऊन बरीच वर्षं गेली. आपण सॉफ्टवेअरवाले, सगळं "नंतर करू" वर ढकलण्यात पटाईत.

आता गाडीकडे येतो.

१३ ऑक्टोबर २०२० ची रात्र हैदराबादेत कोणी विसरलेलं नाही. त्या आठवड्यात आईला ताप होता, आणि ते दिवस असे की तापाचं नाव काढलं तरी पोटात गोळा यायचा. आईबाबा काचीगुड्याला, आम्ही दिलसुखनगरला. अंतर पाच-सहा किलोमीटर. औषधं पोचवायला संध्याकाळी बाबांचीच गाडी घेऊन गेलो होतो आणि पावसाचा रंग बघून लवकर परत निघालो. चादरघाटपर्यंत आलो आणि पुढे रस्ताच नव्हता. मलकपेटच्या रेल्वे पुलाखाली नुसत्या सरीने पाणी भरतं, त्या दिवशी तर बोलायलाच नको. मागेही पाणी चढू लागलं. जरा उंचवटा बघून गाडी लावली आणि बसून राहिलो. थोड्या वेळाने दिवे गेले. मग फोनचं नेटवर्क गेलं.

घरी बायको आणि तीन वर्षांची मुलगी. आमचं घर तळमजल्यावर. मुसीच्या काठी वाढलेल्या घरांत १९०८ च्या पुराच्या गोष्टी अजून सांगतात. उस्मानिया दवाखान्याच्या आवारातल्या त्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली, ही माझ्या आजीची ठेवणीतली गोष्ट होती. लहानपणी ती ऐकताना मजा वाटायची. त्या रात्री मला ते झाडच सारखं दिसत होतं.

गाडीच्या कप्प्यात माझा हातातला छोटा सेट होता, पाच वॉटचा, बोटभर रबरी अँटिनावाला. त्यावर उप्पलच्या एका ज्येष्ठ हॅमचा आवाज मला अगदी स्वच्छ येत होता. ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्टरगारू म्हणतात. गच्चीवर उंच अँटिना लावून ते त्या रात्री मिळतील ते निरोप टिपून घेत होते. मी हाका मारत होतो आणि त्यांना माझं काही कळत नव्हतं. "कुणीतरी आहे, पण तुटतंय, पुन्हा सांगा," एवढंच ते म्हणायचे. पंचवीस मिनिटं हे चाललं. आपल्याला दुसऱ्याचं ऐकू येतं आणि आपलं त्याला ऐकू जात नाही, यासारखी चिडचिड नाही.

कारण साधं होतं, पण घाबरलेल्या डोक्याला उशिरा सुचलं. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. त्यात बसून, मांडीवर सेट धरून बोललं की पाच वॉटमधलं बरंचसं डब्यातच फिरत राहतं. मास्टरगारूंचा सेट जोरकस आणि अँटिना उंच, म्हणून त्यांचं मला येत होतं. शेवटी सेटला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, खाली उतरलो आणि गुडघाभर पाण्यात, भर पावसात सेट डोक्यावर धरून बोललो. पहिल्याच हाकेला उत्तर आलं. आमच्या घरमालकांकडे जुना लॅण्डलाइन आहे, त्याचा नंबर दिला. दहा मिनिटांनी मास्टरगारू म्हणाले, "तुमच्या मिसेस आणि बेबी वरच्या मजल्यावर मालकांकडे आहेत. जेवल्या आहेत. तुम्ही तिथेच थांबा." मी पहाटे साडेचारला घरी पोचलो.

तर गाडीत कायमचा सेट आणि टपावर अँटिना हवी, हे त्या रात्री ठरलं. पण ठरणं आणि नीट होणं यात पावणेदोन वर्षं गेली, आणि त्यातला पहिला टप्पा सांगायला मला लाज वाटते.

गाडीत बसवायचा सेट मी २०२१ च्या मे महिन्यात घेतला. गाडी म्हणजे बाबांची २००९ ची वॅगनआर, आमच्या घरातली पहिली गाडी. डोळ्यांच्या त्रासामुळे ते आता चालवत नाहीत, म्हणून ती माझ्याकडे असते. गाडीत स्टीरिओ बसवून देणाऱ्या एका दुकानात गेलो. पोरगा म्हणाला, "साब, आधे घंटे का काम है, टेन्शन नक्को लेव." मीही घेतलं नाही. दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा माणूस मी, पण तो पोरगा बॉनेटखाली काय करतोय ते वाकून बघायचं सोडून मी शेजारी चहा पीत फोनवर मीटिंग ऐकत होतो.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी रविवारी सकाळी नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडीत जळका वास आला. बायको पुढे, मुलगी मागे तिच्या खुर्चीत पट्ट्यात बांधलेली. आधी वाटलं बाहेरचा वास असेल. मग डॅशबोर्डच्या खालून पांढरा धूर आला. बायकोने पट्टा सोडवून मुलीला बाहेर ओढलं, मी बॉनेट उघडलं. बॅटरीपासून निघालेल्या लाल वायरीचं प्लास्टिक वितळून थेंब पडत होते. मागच्या रिक्षावाल्याने "हट जाव साब" म्हणत मला बाजूला केलं, त्याच्या सीटखालचा दहा नंबरचा पाना आणला आणि बॅटरीचं टर्मिनल सोडवून टाकलं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याने पैसे घेतले नाहीत. मुलगी रस्त्याच्या कडेला उभी राहून विचारत होती, "बाबा, गाडीला ताप आला का?"

बायको त्यावर तीन दिवस काही बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "तुझा तो रेडिओ ज्या गाडीत असेल त्या गाडीत ती बसणार नाही." ती म्हणजे मुलगी. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

काय झालं होतं ते घरी वायर उपटून काढल्यावर कळलं. सेटबरोबर कंपनीची जाड, फ्यूजवाली वायर येते. ती बॅटरीपर्यंत पुरत नव्हती, म्हणून पोराने तिला साधी पातळ वायर पिळून जोडली होती. आता फ्यूज राहिला डॅशबोर्डखाली, सेटजवळ. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर उघडीच, म्हणजे फ्यूजशिवाय. शिवाय इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामध्ये जो पत्रा असतो त्याच्या एका भोकातून ती सरळ ओवलेली, भोकाला रबरी ग्रोमेट नाही. पत्र्याची कड सुरीसारखी असते. गाडीच्या थरथरीने तीन आठवड्यांत तिने प्लास्टिक कापलं आणि आतलं तांबं गाडीच्या बॉडीला टेकलं. गाडीची बॉडी म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह. चुकून शॉर्ट झालं तर गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. डॅशबोर्डखालचा फ्यूज शाबूत होता, बिचाऱ्याच्या वाट्याला करंट आलाच नव्हता. माझा समज होता की फ्यूज सेटला वाचवायला असतो. तो असतो वायरीला वाचवायला, आणि म्हणून त्याची जागा बॅटरीच्या शेजारी, वीतभराच्या आत.

ही कहाणी बाबांना सांगावीच लागली, गाडी त्यांची. मला वाटलं, आता सेट बाहेर जाणार. पण बाबांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. सत्तरच्या दशकात मोर्स शिकून लागले, साउंडरच्या कडकट्टवर तारा घेतल्या, मग टेलिप्रिंटर आले, मग संगणक. जुलै २०१३ मध्ये तारसेवाच बंद झाली त्या सुमारास ते निवृत्त झाले. त्यांनी जळकी वायर हातात घेतली, नखाने खरवडली आणि एवढंच म्हणाले, "मिस्त्री लाइनवर असताना तू चहा पीत होतास?"

मग आम्ही दोघांनी मिळून ते काम केलं. पंधरा दिवस लागले, कारण बाबांना घाई चालत नाही.

ट्रूप बाजारातून चार स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. सेट पूर्ण ताकदीने बोलताना दहाएक अँपिअर खेचू शकतो. जाऊन-येऊन सहा मीटर वायर धरली तर एक मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्या करंटला साधारण एक व्होल्ट वाटेतच पडतो, चारच्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास. माझ्या परवान्याला इतकी ताकद लागतच नाही, मी सेट खालच्या पायरीवरच ठेवतो, पण वायर जाड असण्यात तोटा काही नाही. बॅटरीचं निगेटिव्ह आधी सोडलं. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलला लागूनच घेतला. पत्र्यात कारखान्यानेच सोडलेलं एक रबरी बुच होतं, त्यातून वायर ओवली आणि वरून नळीदार स्लीव्ह चढवलं. जोड एकही पिळलेला नाही, सगळ्या टोकांना थिंबल क्रिंप केले. हे सगळं झाल्यावर बाबांनी प्रत्येक वायर धरून जोरात ओढून बघितली. एक थिंबल हातात आला. तो मी लावलेला होता.

सेटची काळी वायर बॅटरीजवळच बॉडीला जिथे कारखान्याची अर्थ बसवलेली आहे तिथे, रंग खरवडून, घट्ट बसवली. नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. तिथे सरळ टर्मिनलला वायर लावली तर त्याचा हिशेब चुकतो, म्हणून बॉडीच बरी. आणि ज्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत त्यांनी खिडकीच्या खांबांत केबल खुपसण्याआधी तिथे पडद्याची एअरबॅग नाही ना, हे कंपनीच्या माणसाकडून कळून घ्यावं. सेटही असा बसवावा की एअरबॅग उघडली तर तो कोणाच्या तोंडावर फेकला जाणार नाही. आमच्या म्हाताऱ्या वॅगनआरला हे काही नसल्याने काम सोपं गेलं.

वायर पक्की झाली. मुलगी पुन्हा गाडीत बसू लागली, पण त्याआधी बायकोने बॉनेट उघडून फ्यूज कुठे आहे ते दाखवायला लावलं, आणि दहा नंबरचा पाना स्वतः दाराच्या कप्प्यात ठेवला. तो अजून तिथेच आहे.

अँटिनाचं घोडं मात्र अडलं. टपाला भोक पाडायला बाबांचा ठाम नकार. "गाडीला भोक? माझ्या?" बारा वर्षं त्यांनी त्या गाडीला ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि हे हैदराबादच्या रहदारीत. म्हणून चुंबकावर बसणारी अँटिना आणली. टप लोखंडी पत्र्याचा असेल तर ती घट्ट बसते, केबल दाराच्या फटीतून आत घ्यायची.

इथे थोडं शास्त्र सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आम्ही बोलतो १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे लाटेची लांबी दोन मीटरच्या जराशी वर. तिचा पाव भाग म्हणजे अर्ध्या मीटरच्या थोडी वर, आणि प्रत्यक्षात काडी त्याहून थोडी आखूड, एकोणपन्नास सेंटिमीटरच्या आसपास जुळते. पण ही पाव लाटेची काडी म्हणजे अँटिना नव्हेच, ती अर्धी अँटिना. उरलेली अर्धी म्हणजे तिच्याखालचा पत्रा. काडी जेवढं बाहेर ढकलते त्याचा परतीचा रस्ता पत्र्यातून जातो. काडीच्या चारही बाजूंना पत्रा सारखा पसरला असेल तर सगळ्या दिशांना सारखं जातं. एका कडेला लावली तर ज्या बाजूला जास्त पत्रा त्या बाजूला आवाज जास्त पोचतो. म्हणून टपाचा मध्य.

मास्टरगारूंनी त्यांचा एसडब्ल्यूआर मीटर दिला. पाठवलेल्या ताकदीतली किती परत फिरते ते तो सांगतो. आकडा दोन आला तर सुमारे अकरा टक्के परत, तीन आला तर पंचवीस टक्के. काडी डिकीच्या कडेला ठेवली तेव्हा माझ्याकडे आकडा अडीचच्या घरात होता, टपाच्या मध्यावर आणली तेव्हा दीडवर आला. मग काडी कापायची. बँडच्या खालच्या टोकाला आकडा कमी आणि वरच्या टोकाला जास्त येत असेल तर काडी लांब आहे असं समजायचं. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच कापायचे, कापलेली काडी काही परत वाढत नाही. बाबा दरवेळी विचारायचे, "मोजलंस? पुन्हा मोज." चार वेळा कापली, १.२ वर थांबलो. आणि एक लक्षात ठेवा, अँटिना न लावता सेटचं बटण दाबून बोलायचं नाही. गेलेली सगळी ताकद सेटच्याच अंगावर परत येते.

चुंबकावरची अँटिना चालली चांगली. पण पाऊस आला की केबलच्या अंगावरून पाणी दाराच्या रबरातून आत यायचं आणि डावीकडे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यावर थेंब थेंब पडायचं. डावीकडे बसायचे बाबा. दार रोज आपटून केबल चपटी झाली. पुढच्या वर्षी, २०२२ च्या जूनमध्ये, चुंबक उचलला तर त्याखाली रंगावर गोल ओरखडे, आणि एका जागी गंजाचा ठिपका.

बाबा बराच वेळ तो ठिपका बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "हे चुंबक पत्र्याला विजेने जोडलेलं असतं का?"

मी म्हटलं, "नाही बाबा, मध्ये रंग आहे. कपॅसिटरसारखं काम चालतं."

"आणि भोक पाडून बसवलं तर?"

"तर सरळ पत्र्याला जोडलं जातं."

"आमच्या जुन्या लाइनला एकच तार असायची," बाबा म्हणाले. "परतीचा रस्ता जमिनीतून. सिग्नल मिळाला नाही की नवी पोरं बॅटरी वाढवायला धावायची. आम्ही आधी जाऊन अर्थ बघायचो. उन्हाळ्यात तर अर्थच्या खड्ड्यात पाणी ओतायचो." मग थोडं थांबून, "म्हणजे टप पण तुझी अँटिनाच आहे की. मग नीट जोड ना. अर्धवट कशाला?"

भोक पाडायचा दिवस त्यांनीच ठरवला. आईने शिवणाची टेप आणली. टपाचा मध्य कर्णांनी काढावा की बाजूंनी, यावर दोघांचं दहा मिनिटं वाजलं. शेवटी आईचा मध्य बरोबर निघाला. तिचं आयुष्य ब्लाउज बेतण्यात गेलंय.

आतला छताचा दिवा काढला की अस्तर आणि पत्रा यांच्यात हात जातो. ज्या जागी भोक पडणार तिथे पत्र्याखाली आडवी पट्टी किंवा दिव्याची वायर नाही ना, हे हाताने चाचपून घेतलं. वरून मास्किंग टेप लावली, पंच मारला. आधी बारीक ड्रिल, त्याच्या टोकाला टेपची गुंडाळी करून, म्हणजे ते झटक्याने आत जाऊन अस्तर फाडणार नाही. मग एकोणीस मिलिमीटरचा होल सॉ. हॅम लोक वापरतात त्या एनएमओ बैठकीला पाऊण इंचाचं भोक लागतं, ते हेच.

ड्रिल माझ्या हातात होतं आणि हात थरथरत होता. प्रॉडक्शन सर्व्हरवर रात्री दोनला बदल टाकताना थरथरत नाही इतका. सर्व्हरवर निदान मागे तरी जाता येतं. बाबा गाडीत बसून आतून अस्तर खाली ओढून धरत होते. पत्र्याचा गोल तुकडा ठण्‌कन त्यांच्या पुढ्यात पडला. त्यांनी तो उचलून खिशात टाकला. बायको म्हणते तो त्यांच्या पाकिटात आहे, मी विचारलेलं नाही.

खालच्या बाजूने भोकाभोवती रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, बैठक तिथेच पत्र्याला धरते. वरच्या कापलेल्या कडेला गंज धरू नये म्हणून टचअपचा रंग लावला, तो वाळू दिला, मग रबरी कडीसकट बैठक आवळली. केबल अस्तरामागून, दाराच्या खांबातून खाली सेटपर्यंत नेली. शेवटी टपावर तीन बादल्या पाणी ओतलं. बाबा आत डाव्या सीटवर बसले होते. गुडघा कोरडा.

त्या दसऱ्याला आईने गाडीला झेंडूचा हार घातला तेव्हा काडीलाही एक छोटा गजरा बांधला. मोजून बघितलं नाही, पण एसडब्ल्यूआर बिघडला असणार.

भोक पाडल्यानंतर पहिल्याच आठवड्यात बाबांना घेऊन मी मुद्दाम चादरघाटला गेलो. रात्रीची वेळ, रस्ता कोरडा. त्या दिवशी जिथे थांबलो होतो तिथेच गाडी लावली, काचा वर केल्या, इंजिन चालू ठेवलं. आवाजात अल्टरनेटरची शीळ येत नाही ना, हे ॲक्सिलरेटर दाबून बघितलं. नव्हती. बॅटरीपासून सरळ वायर घेतल्याचा हा आणखी एक फायदा. सेट अगदी खालच्या पायरीवर होता, म्हणजे साधारण तेवढाच जोर जेवढा त्या रात्री माझ्या हातातल्या सेटला होता. कॉलसाइन सांगून मास्टरगारूंना हाक मारली.

"फाइव्ह नाइन," ते म्हणाले. शब्द पूर्ण कळतोय आणि जोरात येतोय, असा त्याचा अर्थ. "कुठून बोलताय? घरून?"

मी जागा सांगितली. ते क्षणभर गप्प झाले. मग हसले आणि म्हणाले, "आज छत्री नाही ना?"

बाबा सगळं ऐकत होते. मी सहज माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी हात मागे घेतला. "परवाना तुझा आहे," म्हणाले. चाळीस वर्षं खात्यात काढलेला माणूस, परवान्याशिवाय एक अक्षर हवेत सोडणार नाही. मीच चुकलो होतो.

घरी येताना, मूसारामबागचा पूल मागे पडल्यावर, त्यांनी विचारलं, "त्या जनरल परीक्षेला मोर्स किती वेगाने घेतात?"

"मिनिटाला आठ शब्द."

"आठ?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आठ म्हणजे काय, जेवता जेवता?"

अर्ज भरलाय. परीक्षेची तारीख यायची आहे. अडचण वेगाची नाही, आवाजाची आहे. त्यांच्या साउंडरला नुसती टकटक असायची, दोन टकटकींमधल्या अंतरावरून डॉट की डॅश ते ओळखायचं. आमच्याकडे लांब आणि आखूड शिट्ट्या. त्यामुळे रोज संध्याकाळी चहानंतर मी फोनवर शिट्ट्या वाजवतो आणि ते लिहून घेतात. पहिल्या आठवड्यात सात चुका होत्या, आता दोन होतात. पाठवण्याचा सराव ते जेवणाच्या टेबलावर चमच्याने करतात. नात समोर बसून वाटीवर तसंच वाजवते. तिला तिचं नाव येतं. आईचं म्हणणं एवढंच आहे की स्टीलचे वापरा, चांदीचे नकोत.